मँडोलिनचे दोन कान

पाऊस आला तेव्हा माझ्याजवळ छत्री नव्हती आणि हातात मँडोलिन होतं. आमच्या डोंगरात अशा वेळी माणूस आधी वाद्य वाचवतो, मग स्वतःला. मी रेनकोट काढून पेटीवर गुंडाळला आणि भिजत धावत सुटले. दिसली त्या पहिल्या ताडपत्रीखाली घुसले.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. दरवर्षी या आठवड्यात आमच्या गावच्या बेसबॉलच्या मैदानात फिडलवाल्यांची जत्रा भरते. लोक चारचार राज्यांतून ट्रक घेऊन येतात, ताडपत्र्या ठोकतात, चुली मांडतात आणि आठवडाभर वाजवत बसतात. मंचावर स्पर्धा चालू असते, पण तिच्याकडे आमच्यापैकी कुणाचं फारसं लक्ष नसतं. खरं संगीत असतं ते ताडपत्रीखाली.

तर मी ज्या ताडपत्रीखाली घुसले तिथे एक उंच, किडकिडीत माणूस झाडूचा दांडा घेऊन उभा होता. ताडपत्रीत पाण्याचा मोठा फुगा झाला होता आणि त्याने नेमका त्याच क्षणी तो दांड्याने वर ढकलला. बादलीभर थंडगार पाणी माझ्या मानेवर कोसळलं.

"माफ करा, मॅम..." तो गोरामोरा होऊन म्हणाला. "मला वाटलं तिकडे कोणी नाही."

"आता नाहीच आहे," मी म्हटलं. "वाहून गेले मी."

त्याने घाईघाईने पिशवीतून एक शर्ट काढून दिला. कोरडा, इस्त्रीचा. मी त्या शर्टाने आधी पेटी पुसली, कुलपं पुसली, कोपरे पुसले आणि मग उरलेल्या ओल्या शर्टाने केस.

"पेटीत बाळ आहे का?" त्याने विचारलं.

"आहे ना. पंचावन्न वर्षांचं."

तो हसला. त्याचं हसू उशिरा यायचं — आधी डोळ्यांत, मग जरा थांबून ओठांवर. मला तेव्हाच त्याची नोंद घ्यायला नको होती. पण घेतली.

त्याचं नाव आर्लिस कॅंट्रेल. डोंगरापलीकडचा, केंटकीचा. तिथे फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय करायचा. मी नेव्हा स्टॅलर्ड. गावात माझ्या डॅडींचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे आणि चौदाव्या वर्षापासून मी तिथे सरस ढवळत आलेय. हे सगळं आम्ही एकमेकांना पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

मग त्याने आपली पेटी उघडली, मँडोलिन बाहेर काढलं, आणि त्याची मान, म्हणजे तारांची दांडी, पुढे करून माझ्यासमोर धरलं.

आमच्याकडे दुसऱ्याच्या वाद्याला कोणी हात लावत नाही. "बघू का?" असंही विचारत नाहीत. मालकाने स्वतः होऊन मान पुढे केली तरच ते हातात घ्यायचं. काही लोक बायकोलासुद्धा वीस-वीस वर्षं देत नाहीत. हा भिजलेल्या अनोळखी बाईला दहा मिनिटांत देत होता. मी गडबडले, आणि गडबडले की माझी जीभ चुरूचुरू चालायला लागते.

"वल्हेडोकं," मी म्हटलं. "बाई गं. नाव कुठे बांधलीय?"

"म्हणजे?"

मी माझं काढून शेजारी ठेवलं. दोन्ही एकाच कारखान्यातली, मिशिगनची. त्याचं साधारण १९१७चं, माझं १९२४चं. अंग तेच, आठ तारा त्याच. फरक डोक्यात, म्हणजे मानेच्या टोकाला जिथे खुंट्या बसतात तिथे. त्याच्या मँडोलिनचं डोकं वर जाताना रुंद होत गेलेलं, दोन्ही बाजूंना कान काढल्यासारखं. आम्ही त्याला वल्हेडोकं म्हणतो. माझ्याचं डोकं वर निमुळतं होत गेलेलं. ते सापडोकं. कारखान्याने ते चार-पाचच वर्षं केलं, म्हणून ते कमी सापडतं, म्हणून त्याचा तोरा जास्त आणि किंमतही जास्त. तिसरा प्रकार गुंडाळीच्या डोक्याचा, पण तो मंचावरच्या बड्या लोकांकडे असतो. आम्ही तो लांबूनच बघतो.

"नुसत्या डोक्याने इतका फरक पडतो?" त्याने विचारलं.

"पडतो म्हणजे? तुझ्या तारा बघ. हाडाच्या पट्टीवरून पुढे गेल्या की बाहेर वळतात, तिरक्या. मग खाचेत अडकतात आणि सूर उतरतो. माझ्या सरळ जातात. एकदा लावल्या की लावल्या. आणि आवाज? वाजवून दाखवते."

वाजवून दाखवलं. माझ्याचा आवाज कोरडा, टणक, लाकडावर लाकूड आपटावं तसा. मग त्याने त्याचं वाजवलं. वल्हेडोक्याचा सूर गोल होता, जुना, जरा खालच्या आवाजात बोलणारा. तो वाजवतानाही तसाच होता. एक सूर लावायचा, मग जणू कोणी ऐकलं का ते बघायला थांबायचा.

"हे माझ्या आजोबांचं," तो म्हणाला. "दोन पावसाळे ते डोंगरात जिनसेंगची औषधी मुळं खणत होते, ती विकून टपालाने मागवलं. इथे बघा... त्यांच्या करंगळीने घासून पॉलिश गेलंय."

मी बघितलं. त्या घासलेल्या जागेवर त्याचीही करंगळी अगदी नेमकी टेकत होती.

"डोकं तेवढं वाईट आहे," मी म्हटलं.

पाऊस थांबला. मी गेले नाही.

तो आठवडा असा गेला की मला एकही स्पर्धा आठवत नाही. तो रोज दुपारी आमच्या घोळक्याच्या बाहेर येऊन उभा राहायचा, बँजोवाले अंकल होबार्ट मान हलवेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. अंकल होबार्ट कुणाचेच अंकल नव्हते आणि सगळ्यांचेच होते. आर्लिस बसला की बरोबर माझ्यासमोर बसायचा. मी तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या न्यायचे आणि सगळ्यांना वाटताना त्याला मुद्दाम शेवटी द्यायचे, म्हणजे त्याच्यापाशी थांबता यायचं. तो अजून मला "मिस नेव्हा" म्हणायचा. मी म्हटलं, नुसतं नेव्हा म्हण. म्हणाला, "म्हणेन की... सवय व्हायला थोडा वेळ द्या." चौथ्या दिवशी "तू" म्हणाला, आणि स्वतःच लाजून तारा लावत बसला.

मी त्याला चिडवायचे ते डोक्यावरून. दर गाण्यानंतर तो खुंट्या पिळायचा आणि मी म्हणायचे, "थांबा हो, वल्हेवाले अजून धक्क्यालाच आहेत." घोळका हसायचा, तोही हसायचा. मला वाटायचं, त्याला कळतंय की मी उगाच कुणाला इतकं चिडवत नाही.

रविवारी सकाळी आवराआवर चालली होती. ट्रक भरले जात होते. आर्लिस माझ्या खुर्चीजवळ टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याने काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात अंकल होबार्टनी मोठ्याने विचारलं, "काय गं नेव्हा, लग्न कधी करतेस? तुझे डॅडी म्हणतात दुकानात एक माणूस कमी आहे."

सगळे बघायला लागले. आर्लिसही. त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघडंवाघडं काहीतरी होतं की मी घाबरले. खरंच घाबरले. सव्वीस वर्षांची होते, आणि याआधी मला कधी पाच दिवसांत कोणी असं हवंसं वाटलं नव्हतं. मग माझी जीभ चालली.

"जो सापडोकं घेऊन येईल त्याच्याशी करीन," मी म्हटलं. "वल्हेवाल्यांनी आपली वल्ही घेऊन नदीवर जावं."

हशा पिकला. आर्लिसही हसला, जरा उशिरा, नेहमीसारखा. मग टोपी घातली आणि म्हणाला, "पत्र लिहिलं तर चालेल?"

"शुद्धलेखन तपासून," मी म्हटलं.

त्याने वर्षभर पत्रं लिहिली. छोटी, पेन्सिलीने लिहिलेली. बर्फ किती पडला, कारखान्यात कोणतं लाकूड आलं, शेजारच्या कुत्रीला किती पिल्लं झाली. जानेवारीत लिहिलं, की तो सुट्टीच्या दिवशी एक खुर्ची करतोय. अक्रोडाची, हात नसलेली. हात असले की मँडोलिन वाजवणाऱ्याचं कोपर अडतं ना... म्हणून. कुणासाठी ते लिहिलं नव्हतं. मी ते पत्र उशीखाली ठेवलं आणि उत्तरात लिहिलं, की वल्हेवाल्याला खुर्ची कशाला, नावेत फळी असते.

मे महिन्यात मी डॅडींना सांगितलं, की ऑगस्टमध्ये तो विचारणार आहे आणि मी हो म्हणणार आहे.

डॅडी एका गिटारची पाठ चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "तो वल्हेडोकंवाला?"

"हो."

"बरं आहे की. सूर पोटातून येतो, डोक्यातून नाही. गिऱ्हाइकांना सांगत नाही मी, पण तुला माहीत असावं."

मला माहीत होतं. डोक्याच्या आकाराने आवाजात काडीचा फरक पडत नाही, हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. त्याच्या मँडोलिनचा सूर माझ्यापेक्षा गोड होता हेही माहीत होतं. वर्षभरात बारा पत्रं लिहिली, त्यातल्या एकातही ते लिहिलं नाही. मी पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवला आणि म्हटलं, समोरासमोरच सांगू.

ऑगस्टच्या पत्रात त्याने एवढंच लिहिलं होतं — "तुला एक गोष्ट दाखवायची आहे."

तो सोमवारी दुपारी आला. आभाळ भरून आलं होतं. आमचा घोळका जमलेला, आठ-दहा माणसं. अंकल होबार्टनी लांबूनच मान हलवली, पण आर्लिस बसला नाही. त्याने पेटी ट्रकच्या फळीवर ठेवली. ट्रकमध्ये मागे गोधडीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी ते पाहिलं आणि माझे कान गरम झाले. मला वाटलं, खुर्ची दाखवणार आहे.

त्याने पेटी उघडली आणि मँडोलिन, मान पुढे करून, माझ्यासमोर धरलं.

कान कापलेले होते. दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत. शिंपल्याच्या अक्षरांत बसवलेलं कारखान्याचं नाव होतं, त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं गेली होती. खुंट्यांची जुनी भोकं बुजवून आत नवी पाडली होती. अंग तेच, करंगळीची घासलेली जागा तीच, आणि वर निमुळतं डोकं.

मी वाद्यदुरुस्तीवाल्याची मुलगी. माझ्या डोळ्यांना आधी लाकूड दिसतं, मग माणूस. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

"अरे देवा," मी म्हटलं. "कुठल्या कसायाच्या हातात दिलंस हे?"

घोळका वाजवायचा थांबला. मी मात्र बोलत सुटले. साठ वर्षं धड राहिलेलं वाद्य होतं, आता कोणी हात लावणार नाही याला. सापडोकंही नाही आणि वल्हेडोकंही नाही, दोन्हीकडून गेलं. कोण होता तो? कुठे आहे त्याचं दुकान?

"मी," तो म्हणाला. "मीच केलं."

आणि मी हसले.

का हसले ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारलंय. धक्का बसला म्हणून. कळलं म्हणून — एकदम, सगळं, गेल्या वर्षीच्या त्या रविवारच्या हशापासून आतापर्यंत. रडू यायला हवं होतं त्या जागेवर हसू आलं. पण समोरच्याला ऐकू येतं ते हसूच. घोळक्यातलेही एक-दोघे माझ्याबरोबर हसले. अंकल होबार्ट मात्र आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"तू म्हणाली होतीस ना..." आर्लिस हळू म्हणाला. "सापडोकं घेऊन येईल त्याच्याशी. विकत घ्यायची माझी ऐपत नाही. हात तेवढे होते."

"ती गंमत होती, आर्लिस."

"हो," तो म्हणाला. "आता कळलं."

त्याने मँडोलिन परत पेटीत ठेवलं. कापलेलं डोकं कापडावर नीट टेकवलं, झाकण लावलं, दोन्ही कुलपं एकापाठोपाठ दाबली. मग पेटीकडेच बघत म्हणाला, "आजोबांना विचारलं होतं मी. मे महिन्यात थडग्यांवर फुलं ठेवायला गेलो होतो तेव्हा. म्हटलं, एका मुलीसाठी करतोय, रागवू नका."

मला त्याच क्षणी त्याचा हात धरायला हवा होता. पण दहा माणसं बघत होती, माझ्या अंगावर पिवळा फ्रॉक होता आणि मला वाटलं, संध्याकाळी जाईन त्याच्या ताडपत्रीखाली, दोघंच असू, तेव्हा सांगेन सगळं.

त्याने ताडपत्री ठोकलीच नाही. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा त्याचा ट्रक मैदानाच्या फाटकातून बाहेर पडत होता. वाऱ्याने गोधडी उडाली होती. अक्रोडाची, हात नसलेली खुर्ची पाठमोरी भिजत चालली होती.

मी पाच पत्रं लिहिली. माफी मागितली, हो म्हटलं, कान परत लावून देते असंही लिहिलं. उत्तरादाखल एकच कार्ड आलं. "तुझं काही चुकलं नाही. तारा आता बऱ्या टिकतात. — आर्लिस." पाचवं पत्र परत आलं, तो ओहायोला गेल्याचा शिक्का घेऊन. तिथले कारखाने आमच्या डोंगरातली अर्धी माणसं घेऊन गेले, त्यात तोही गेला.

पुढची अकरा वर्षं मी काय केलं असं विचाराल तर दुरुस्त्या केल्या. डॅडींची बोटं आखडली तसं दुकान माझ्याकडे आलं. एक-दोन जण विचारायला आले, चांगले होते, मीच नाही म्हटलं. थट्टा करायची मी सोडली नाही, तेवढी मी सुधारले नाही. पण एक सोडलं. कोणी मोडकंतोडकं जोडलेलं, खिळे ठोकलेलं, घरच्या घरी रंग फासलेलं वाद्य घेऊन आलं, तर "हे कोणी केलं?" असं मी विचारत नाही. कधीच नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी पाऊस भुरभुरत होता आणि दुकानाच्या दारावरची घंटा वाजली.

आधी एक बाई आली, गोल चेहऱ्याची, डोक्यावर प्लास्टिकची टोपी बांधलेली, येतायेताच बोलणारी. मागून एक उंच माणूस पेटी घेऊन. पेटीभोवती त्याने आपला रेनकोट गुंडाळला होता आणि स्वतः भिजला होता. केस पिकले होते कानांपाशी.

"मिस नेव्हा," तो म्हणाला.

"आर्लिस," मी म्हटलं. बाकी काही निघालं नाही. बरं झालं.

"म्हणजे तुम्ही ओळखता एकमेकांना," ती बाई खुशीत म्हणाली. "मला म्हणाले नुसते, की डोंगरात एक दुकान आहे, काम करायचं तर तिथेच. मी लिओटा. यांची बायको."

ते त्याच्या चुलतभावाकडे आठवडाभर आले होते. मँडोलिनला चीर गेली होती, त्याने बुजवलेल्या एका जुन्या भोकापासून वर, डोक्याच्या टोकापर्यंत. आर्लिसने ते पेटीतून काढलं पण माझ्यासमोर धरलं नाही, टेबलावर ठेवलं. गिऱ्हाइकं ठेवतात तसं.

लिओटा सांगत होती. चर्चच्या जेवणाला तिने त्याला पहिल्यांदा वाजवताना बघितलं होतं. दोघं-तिघं मँडोलिनवाले होते, बाकीच्यांची डोकी छापल्यासारखी एकसारखी, आणि याचंच वेगळं. तिने विचारलं, हे कोणी केलं हो इतकं नाजूक? तो म्हणाला मी. "तेव्हाच मी ठरवलं," ती म्हणाली. "मनात म्हटलं, ज्याचा हात इतका सांभाळून चालतो तो माणूस सांभाळूनच वागेल. का केलं विचारलं तर सांगत नाहीत. म्हणतात, तरुणपणी हौस होती."

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आणि ओहायोतला तो दुकानवाला," ती पुढे म्हणाली, "म्हणे हे कुणीतरी बिघडवलंय, याची किंमत गेली. मी त्याला चांगलं सुनावलं."

आर्लिसने खिशातून तंबाखूचा एक चपटा डबा काढला आणि टेबलावर ठेवून उघडला. आत कापडात दोन लाकडी तुकडे होते, लांबट, काळे, बोटाएवढे. एकावर शिंपल्याचं पहिलं अक्षर, दुसऱ्यावर शेवटचं. त्याने कान जपून ठेवले होते.

"चीर भरायचीच आहे," तो म्हणाला, "तर म्हटलं विचारावं... हे परत लावता येतील का?"

"मला तर ते असंच आवडतं," लिओटा म्हणाली. "पण यांची इच्छा असेल तर बघा बाई. तुम्हाला जास्त कळतं."

आता तो माझ्याकडे बघत होता. अकरा वर्षांपूर्वी होता तोच चेहरा, फक्त आता झाकलेला. मला कळलं, तो लाकडाबद्दल विचारत नाही.

लावता आले असते. या कामाची मी मनात किती वेळा तालीम केली होती. सरस कोणता, पकड कुठे, अक्षरं कशी जुळवायची. जुनं वल्हेडोकं परत उभं केलं असतं, किंमतही बरीचशी परत आली असती, आणि मला वाटलं असतं की मी काहीतरी भरून दिलं. पण मग त्याने माझ्यासाठी केलेली ती एक गोष्ट मी दुसऱ्यांदा चूक ठरवली असती. आणि ही बाई, जिने ते डोकं पाहिलं आणि हसली नाही, तिला सांगितलं असतं की तू ज्याच्यावर भाळलीस ती चूक होती.

मी मँडोलिन उजेडात धरलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. कानशीचा एक ओरखडा नव्हता. दोन्ही बाजू केसभरही कमीजास्त नव्हत्या. बुजवलेल्या भोकांतल्या लाकडाच्या रेषा त्याने मूळ रेषांशी जुळवल्या होत्या. किती रविवार लागले असतील...

"हे काम फार सुबक आहे," मी म्हटलं. "मी इतकी वर्षं डोकी बघतेय, हाताने केलेलं इतकं सुंदर सापडोकं पाहिलं नाही. चीर भरते. बाकी कशाला हात लावणार नाही मी."

"बघा," लिओटा त्याला म्हणाली. "मी काय सांगत होते?"

आर्लिसने मान खाली घातली. मग हसला. आधी डोळ्यांत, मग थांबून ओठांवर.

तीन दिवसांनी ते घ्यायला आले. सरस धरला होता, चीर शोधूनही सापडत नव्हती. मी मँडोलिन उचलून त्याला दिलं. त्याने ते घेतलं, उलटून पाहिलं आणि मग, मान पुढे करून, माझ्यासमोर धरलं.

"आधी तू वाजव," तो म्हणाला.

मी वाजवलं. काय वाजवलं ते विचारू नका, त्या आठवड्यातलंच काहीतरी. माझी करंगळी आजोबांच्या जागेवर टेकली. सूर तसाच होता, गोल, जुना. गाणं संपल्यावर सवयीने खुंट्यांकडे हात गेला, पण काही करायची गरज नव्हती. एकही तार उतरली नव्हती.

लिओटाने मला मिठी मारली, ओहायोला या म्हणाली, आणि तिथलं हवामान सांगत ट्रककडे गेली. आर्लिस दारात थांबला. डबा टेबलावरच होता.

"तो राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला.

"आर्लिस... मी त्या दिवशी..."

"सुबक आहे म्हणालीस ना," तो म्हणाला. "पुरे झालं, नेव्हा."

नुसतं नेव्हा. घंटा वाजली, दार लागलं. काचेतून ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. मागून डॅडी म्हणाले, की दार नीट ओढ, लाकडाला ओल लागते.

मी दार ओढलं. मग माझं मँडोलिन काढून मांडीवर घेतलं, डबा उघडला आणि ते दोन कान माझ्या सापडोक्याच्या दोन्ही बाजूंना लावून पाहिले. जरा फट राहत होती, पण अंगठ्यांनी दाबून धरले की लांबून वल्हेडोकंच दिसत होतं. बराच वेळ तसे धरून बसले. मग सोडून द्यावे लागले, कारण वाजवायला दोन्ही हात लागतात.